मानाचे पाच बल्ब

आमच्या घरात इंग्रजी धड वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळे एक खातं न मागता माझ्याकडे आलं होतं. द्राक्षांवर मारायच्या पावडरीच्या पुड्यावरचं बारीक छापलेलं, खोकल्याच्या बाटलीवरचं, नव्या मिक्सरच्या खोक्यातून निघालेल्या घडीच्या कागदावरचं, जे जे इंग्रजीत असेल ते माझ्यापुढे आणून ठेवलं जाई आणि सगळं घर माझ्याभोवती उभं राही. मी मनातल्या मनात सगळं वाचायचे आणि मोठ्यानं फक्त कामाचं सांगायचे. दहा लिटरला वीस ग्रॅम. मग आई म्हणायची, एवढा मजकूर आणि एवढंच? पोरगी मधलं काहीतरी गाळते, असा घरात पक्का समज होता. मी गाळत नव्हते. मला बोलायचंच कमी असायचं. नारायणगावच्या इंग्रजी शाळेत टाय लावून जाणाऱ्या मुलीला घरी आल्यावर कुणाशी कसं बोलावं हे चटकन ठरवता येत नसे, आणि ते ठरेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. पाहुणे म्हणत, पोरगी गुणी आहे. आई म्हणे, गुणी कसली, मुकी आहे.

आमचं घर वारूळवाडीच्या पुढे, मळ्यात. पुढच्या दोन खोल्यांत माझ्या धाकट्या चुलत्यांचं, तात्यांचं, मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की तिच्यातली जळकी तार ओढून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत गुंडाळायची, हे त्यांचं काम. तात्या वेढे मोजायला बसले की घरात कुणी बोलायचं नाही, कारण कुणी हाक मारली की ते ‘ओ’ देत आणि आकडा विसरत. मग सगळी तार सोडून पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळात आई मला खुणेनं पाणी मागायची, वडील खुणेनंच चहा नको म्हणायचे, आणि आल्यागेल्याला दारातच बोट ओठांवर ठेवून थांबवलं जायचं. सगळं घर माझ्यासारखं वागत असे. माझ्या लहानपणातला तो सगळ्यात सुखाचा काळ. तात्यांच्या व्हार्निशचा वास आणि आतून येणारा मासवडीच्या रश्शाचा वास माजघराच्या उंबऱ्यावर एकमेकांत मिसळत, आणि मी बरोबर त्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसत असे. आजही कुठे रंगकाम चालू असलं की मला भूक लागते. घरातल्या कुणाला हे समजावून सांगायच्या भानगडीत मी पडलेले नाही.

त्या वर्षी आम्हाला शाळेत वीज शिकवली. मला तो धडा आवडला, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स मिळतो, गुणलं की पॉवर मिळते. दोन आकडे हातात असले की उरलेले दोन आपोआप पदरात. माणसांच्या बाबतीत अशी काही सोय नाही. तात्यांकडे काट्याचा एक मोठा काळा मीटर होता. तो मी सुट्टीच्या दिवशी मागून घ्यायचे आणि घरातल्या वस्तूंची हजेरी घ्यायचे. इस्त्री किती करंट घेते, मिक्सर किती घेतो. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज कधी पुस्तकातल्याइतकं येत नसे. सगळ्या विहिरी चालू झाल्या की ते बसायचं, आणि मिक्सर म्हाताऱ्यासारखा घुरघुरायचा. हे करताना मला एक गंमत सापडली होती. दोनशे वॅटचा मोठा बल्ब करंटला फार कमी अडवतो, म्हणून तर तो जास्त करंट ओढून लख्ख पेटतो. आणि देवघरातला झिरोचा बल्ब, ज्याला सगळे झिरो म्हणतात पण ज्याच्यावर पंधरा वॅट छापलेलं असतं, तो करंटला कितीतरी पटीनं जास्त अडवतो. मोठा बल्ब म्हणजे मोठा अडथळा असं कुणालाही वाटेल. असतं उलटं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या मळ्यात यमाईचं देऊळ आहे. तिच्या यात्रेत पाच घरांना मान. पूर्वी यात्रेच्या दोन्ही संध्याकाळी ही पाच घरं आपापली समई घेऊन यायची, देवीपुढे ओळीनं ठेवायची, आणि बाकी सगळे दिवे मालवून फक्त त्या पाच ज्योतींच्या उजेडात आरती व्हायची. दुसऱ्या संध्याकाळी आरतीनंतर गुरव पाचही घरांना मानाचा नारळ देई. पहिल्या घरचा नारळ हिरव्या खणात गुंडाळलेला, बाकीचे नुसते हळदकुंकू लावलेले. मळ्यात वीज आल्यावर समयांचे बल्ब झाले. प्रत्येक मानकरी आपल्या घरून बल्ब आणणार, आणि तो देवळात ओळीनं लावलेल्या होल्डरमध्ये स्वतःच्या हातानं बसवणार. इथपर्यंत ठीक होतं. पण पाच होल्डर, पाच बटणं, म्हणजे कुणाचं आधी दाबायचं हा प्रश्न आला, आणि त्यावरून एका वर्षी हमरीतुमरी झाली. पुढच्या वर्षी कुणीतरी कुणाचातरी बल्ब ऐन आरतीच्या आधी हळूच सैल केला. मग बैठक बसली. बैठकीत ठरलं की यापुढे पाचही बल्ब एकाच तारेवर, एकाच बटणावर. पेटले तर सगळे, विझले तर सगळे. म्हणजे दुसऱ्याचा बल्ब सैल करणाऱ्याच्या स्वतःच्या बल्बाचाही उजेड जाईल. मी वीज शिकले त्याच वर्षी हे काम तात्यांकडे आलं. तात्यांनी फार विचार केला नाही. एका बल्बातून निघालेली तार दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी त्यांनी पाचांची साखळी केली. लग्नाच्या मांडवातली बारक्या बल्बांची माळ असते, तशी. बैठकीत जसं ठरलं होतं, तंतोतंत तसं.

आता सुंदरकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यामुळे लक्षात राहिलं. त्या आमच्या बांधाला बांध लागून राहायच्या. पाचवं मानाचं घर त्यांचं. त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले होते, मुलगा नव्हता, एक मुलगी पिंपरी पेंढारला दिलेली. पहिल्या मानाचं घर त्यांच्याच भाऊकीतल्या बबनरावांचं. बबनराव त्यांचे चुलत दीर. त्यांची कोंबड्यांची मोठी शेड होती आणि आवाज शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेल असा घडलेला होता. त्यांना दोन मुलगे. थोरला पहिला मान चालवणारच होता. धाकट्याला काही नव्हतं. तेव्हा पाचव्या घरात पुरुष माणूस राहिलेलं नाही, तर तो मान आपल्या धाकट्याकडे यावा, असं त्यांनी बैठकीत मांडलं होतं. लोकांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. या वर्षी बाईंना बल्ब लावू दे, नारळाच्या वेळी बघू, असं गोलमाल ठरलं. म्हणजे दुसऱ्या संध्याकाळी गुरवानं ‘पाचवं घर’ म्हणून पुकारलं, की बबनराव पुढे होणार हे सगळ्यांना माहीत होतं. सुंदरकाकूंनाही. त्या आईजवळ एवढंच म्हणाल्या की, मालक असताना समई मीच घासायची, वात मीच वळायची, देवळात फक्त उचलून ठेवायचं काम त्यांचं होतं. मग आता नेमकं काय कमी पडलंय, तेवढं कुणीतरी सांगा.

पहिल्या संध्याकाळी मी बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभी होते. बबनरावांनी कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तो दोनशेचा बल्ब आणला होता, रुमालात गुंडाळून, भोपळ्यासारखा. सरपंचांचा शंभरचा. दूध डेअरीवाल्या अण्णांचाही शंभरचा, पण कंपनी भारी, हे त्यांनी दोनदा सांगितलं. चौथ्या घरचा साठचा. सुंदरकाकूंनी आपल्या देवघरातला लाल झिरोचा काढून आणला होता. होल्डरपर्यंत हात पोचेना म्हणून त्या स्टुलावर चढल्या, तेव्हा बबनरावांचा धाकटा मुलगा हसला. मग बाकीचे दिवे बंद झाले, हलगी वाजायला लागली आणि तात्यांनी बटण दाबलं.

पेटला फक्त झिरोचा. बाकीचे चार नुसते काचेचे गोळे. देवीचा मुखवटा लालभडक दिसायला लागला, आणि हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला.

रामभाऊ गुरवांना आधीच कमी दिसायचं. त्यांनी डोळे बारीक करून ओळ न्याहाळली आणि हात जोडले. ते म्हणाले, आईनं कौल दिला. बायकांत एकदम कुजबुज उठली आणि माझ्या पुढच्या तीन-चार जणींनी डोक्यावरून पदर घेतला. सुंदरकाकू आपल्या बल्बाखाली उभ्या होत्या. त्यांचं तोंडही लाल दिसत होतं, आणि मला वाटतं त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं. बबनरावांनी आधी आपला बल्ब घट्ट फिरवून पाहिला. मग काढून कानाशी धरून हलवला. तो काढल्याबरोबर झिरोही विझला आणि सगळं देऊळ अंधारात गेलं. अंधारातून सरपंच म्हणाले की बबनराव, आधी होतं ते परत लावा.

मग भांडण तात्यांवर आलं. बबनरावांचं म्हणणं साधं होतं. तात्या बाईंचा शेजारी, वायरिंग तात्याचं, तेव्हा हा डाव तात्याचा. तात्यांनी शपथ घ्यायला सुरुवात केली. तसा बबनरावांनी भंडाऱ्याचं ताट पुढे केलं.

“उचल भंडारा. आन म्हण, म्या काय केलं न्हाई.”

तात्यांचा हात ताटाच्या वर जाऊन थांबला. ते खोटं बोलणारे नव्हते, आणि वायरिंग तर त्यांनीच केलं होतं. काय केलं हे त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी केलं होतं हे उघड होतं. त्यांनी हात मागे घेतला. गर्दीतून ‘हूं’ असा आवाज निघाला. मग तात्यांनी मान वर करून बायकांच्या बाजूला शोधायला सुरुवात केली, आणि मला समजलं की ते मला शोधतायत. मी खांबाच्या मागे सरकले. खांब पुरेसा जाड नव्हता.

“वैशू, हिकडं ये. ह्यांना सांग हे कसं झालं.”

पुढे जाताना माझ्या मनात फक्त एवढंच होतं की मी खरं सांगितलं तर तात्या सुटतील आणि सुंदरकाकूंचा कौल जाईल. सांगितलं नाही, तर उलट. पुस्तकात अशी गणितं नसतात. पण सगळं गाव बघत असताना खोटं बोलायला बोलण्याची सवय लागते, आणि ती मला नव्हती. मी तात्यांना म्हटलं, मीटर आणा.

त्यानंतर मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर बोलले, आणि तेही फरशीकडे बघून. तात्यांनी साखळी एका जागी सोडून मीटर मध्ये जोडला. काटा हलला आणि थांबला. मी फरशीवर खडूनं लिहिलं, शून्य पूर्णांक पाच शतांश. मग साखळी दुसऱ्या जागी सोडली. तेवढाच. तिसऱ्या जागी. तेवढाच. सरपंच गुडघ्यांवर हात टेकून वाकून बघत होते. ते म्हणाले, म्हणजे करंट सगळ्यांना सारखाच आहे. मी मान हलवली. गर्दीत याबद्दल समाधान पसरलं. मग मी एकेका बल्बाच्या दोन टोकांना मीटरच्या तारा लावायला सांगितल्या, व्होल्टेज बघायला. झिरोवर एकशे सत्तर. बबनरावांच्या दोनशेवर एक.

“एक म्हंजी?” बबनराव म्हणाले.

एक व्होल्ट, मी फरशीला सांगितलं. मग भागाकार. एकशे सत्तर भागिले शून्य पूर्णांक पाच शतांश, म्हणजे तीन हजार चारशे. एक भागिले तेवढेच, म्हणजे वीस. रेझिस्टन्स म्हटल्यावर कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना, आणि त्याला मराठीत काय म्हणतात ते मला शिकवलेलं नव्हतं, तेव्हा मी म्हटलं की बल्ब करंटला किती अडवतो त्याचा हा आकडा. छोटा बल्ब जास्त अडवतो. एका साखळीत असले की जो जास्त अडवतो तो जास्त व्होल्टेज घेतो, बाकीच्यांना उरत नाही. मग गुणाकार. झिरोची पॉवर साडेआठ वॅट. दोनशेच्या बल्बाची एका वॅटचा विसावा भाग.

हे लिहिताना मला भीती वाटत होती, पण गर्दीची नव्हे. दोनशेच्या बल्बाचा रेझिस्टन्स मी घरी पुस्तकातल्या रीतीनं काढलेला होता आणि तो अडीचशेच्या वर आला होता. इथे मीटरवरून आला वीस. कुठेतरी माझं साफ चुकलं आहे आणि आता कुणीतरी उठून ते दाखवणार, अशी मला खात्री होती. कुणी उठलं नाही. चुकलंही नव्हतं. बल्बाची तार थंड असताना फारच कमी अडवते आणि तापल्यावर जास्त, हे मला पुढे कॉलेजात कळलं, आणि वर्गात बसल्या बसल्या मी इतक्या मोठ्यानं हसले की सरांनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाले. बबनरावांचा बल्ब थंड होता, हे सरांना काय सांगणार?

फरशीवरच्या आकड्यांकडे बबनराव बराच वेळ बघत होते. एका वॅटचा विसावा भाग त्यांना फार लागला असावा. पण ते हुशार होते. त्यांना त्यातून हवं ते सापडलं. ते सरळ झाले.

“म्हंजी कौलबिऊल काय न्हाई. ह्यो निस्ता हिशेब हाय. व्हय ना गं पोरी?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, रामभाऊ गुरवसुद्धा, अंदाजानं. मी म्हणाले, देवीचं मला माहीत नाही, बल्बांचं मी सांगितलं. बबनरावांना तेवढं पुरलं. कौल नाही, म्हणजे उद्या नारळाच्या वेळी प्रश्न जिथल्या तिथे. डाव नाही हेही सिद्ध झालं होतं, तेव्हा तात्या सुटले. मी आईच्या मागे जाऊन उभी राहिले. आईनं मला हळूच चिमटा काढला. तो शाबासकीचा की दुसरा, ते तिनं कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्याकडे मासवडी होती. बेसनाच्या वड्यांत खोबऱ्या-तिळाचं सारण भरून आई दोऱ्यानं त्या कापायची, सुरी कधी वापरायची नाही, आणि मी त्या दोऱ्याकडेच बघत बसले होते. जेवायच्या आधी सुंदरकाकू रश्शाला वाटी घेऊन आल्या. मला वाटलं, आता बोलणार. त्या माझ्याजवळ टेकल्या आणि विचारू लागल्या की माझ्या बल्बामुळं त्यांचे पेटले नाहीत का, मग उद्या मी दुसरा आणू का. मी म्हटलं, नको. एवढं एकच बोलले. त्या वाटी पदराखाली धरून उठल्या.

“असूंदे गं. आईनं केलं न्हाई म्हणतीस तर न्हाई. घटकाभर समदा गाव माझ्या बल्बाकडं बघत व्हता. माझ्या लग्नातबी येवढं कुनी बघितलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांना म्हटलं की साखळी काढून टाका, पाचही बल्ब वेगवेगळे जोडा, बटण एकच ठेवा, सगळे नीट पेटतील. तात्या सायकल काढून बैठकीच्या लोकांकडे गेले आणि परत आले. ते म्हणाले, ठरलंय ते ठरलंय. साखळीच पाहिजे. सैल करायची भीती अजून आहे. मग ते दुकानात बसले, पण वेढे मोजेनात. नुसती तार हातात घेऊन हसू दाबत होते. मी उंबऱ्यावरून बघत राहिले. अखेर त्यांनीच सांगितलं. सकाळपासून सरपंच येऊन गेले होते, डेअरीवाले अण्णा येऊन गेले होते, चौथ्या घरचे येऊन गेले होते आणि बबनराव रस्त्यात भेटले होते. प्रत्येकानं तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की मी आज झिरोचा आणणार आहे, पण तू कुणाला बोलू नकोस. फरशीवरचं माझं गणित सगळ्यांना समजलं होतं. फक्त प्रत्येकाला वाटत होतं की ते आपल्या एकट्यालाच समजलं आहे. मी बोटांवर हिशेब केला. पाच झिरो एका साखळीत, सगळे सारखेच अडवणार, तेव्हा संध्याकाळचं एकशे ऐंशी व्होल्टेज पाचांत सारखं वाटलं जाणार. एकेकाला छत्तीस. मी तात्यांना म्हटलं, काहीच दिसणार नाही. सांगा ना त्यांना.

“कसं सांगू? चौघांनी मला देवीची आन घातलीया.”

दुपारी वडील नारायणगावला गेले तेव्हा इलेक्ट्रिकच्या दुकानातले शेठ त्यांना हसत म्हणाले की तुमच्या वाडीत आज काय झिरोची शर्यत आहे का, रंगीत सगळे संपले, पांढरेही संपत आले. शेठचे आजोबा मारवाडातून आले होते, पण यात्रेच्या चालीरीती त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असत. तरी हे त्यांनाही नवं होतं.

संध्याकाळी मंडळी आली. चार रुमाल सुटले आणि चार झिरोचे बल्ब बाहेर निघाले. चौघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. पाचवा सुंदरकाकूंचा, कालचाच, लाल. बबनरावांच्या धाकट्यानं फेटा बांधला होता, नवा कोरा, गुलाबी, आणि तो बापाच्या मागे उभा होता. बबनराव ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. मी जवळून गेले तेव्हा ऐकू आलं. नारळाच्या वेळी म्हणायचं वाक्य पाठ करत होते ते.

बाकीचे दिवे बंद झाले. तात्यांनी बटण दाबलं. पाचही पेटले, पण बिडीचं टोक जेवढं पेटतं तेवढेच. कुणाचा कमी, कुणाचा जास्त असं म्हणायला जागा नव्हती. देवी कुठे आहे तेवढं अंदाजानं कळत होतं. आरती झाली ती निरांजनाच्या उजेडात, आणि आरती ओवाळून ताट खाली ठेवलं तेव्हा ज्योतीकडे बघून बघून रामभाऊ गुरवांना उरलंसुरलंही दिसेनासं झालं. मानकरी आपापल्या बल्बाखाली ओळीनं उभे होते. गुरव दर वर्षी उजवीकडे वळायचे, तिकडे बबनराव. त्या दिवशी गुरव डावीकडे वळले.

हलगी इतकी जोरात चालली होती की गुरव काय पुकारतायत ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. नारळ द्यायचे आणि पुढे सरकायचे, एवढी त्यांची सावली दिसत होती. हलगीवाल्याची रीत अशी की चार नारळ होईपर्यंत वाजवायचं आणि शेवटच्याला थांबायचं. तो थांबला. एकदम शांतता झाली आणि गुरवांचा आवाज आला, पाचवं घर.

“पाचवं घर आमचं,” बबनराव शेडमधल्या आवाजात म्हणाले. “नारळ हिकडं द्या.”

“घ्या की,” गुरव म्हणाले, आणि समोरच्या हातांत नारळ ठेवून मोकळे झाले.

तात्यांनी ट्यूबलाइट लावली. ती आधी दोन-तीनदा फडफडली, मग स्थिर झाली. ओळीच्या या टोकाला बबनराव पाचव्या घरचा नारळ घेऊन उभे होते; पाठ केलेलं म्हणायच्या नादात आपला पहिला नारळ आलाच नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या टोकाला सुंदरकाकू होत्या, आणि त्यांच्या पदरात हिरव्या खणात गुंडाळलेला पहिल्या मानाचा नारळ होता. दुसऱ्या आणि चौथ्या घरांतही अदलाबदल झाली होती, पण त्यांनी ती तिथल्या तिथे गपचूप उरकली. सुंदरकाकू म्हणाल्या, मी गुरवांना सांगत होते, पण हलगी थांबेना. त्यांचा चेहरा अगदी साधा होता. मी इतकी वर्षं माणसांचे चेहरे बघत आले आहे, तरी तो मला अजून नक्की वाचता आलेला नाही.

गुरवांच्या हातून गेलेला नारळ गुरव परत घेत नाहीत. तो मानकऱ्यानं मानकऱ्यालाच द्यायचा असतो. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी जागचं हललं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, बबनराव, मागून घेतलात की राव. सरपंचांनी मिशीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. धाकट्या मुलानं फेट्याचा शेमला पाठीमागे टाकला, पुन्हा पुढे घेतला. बबनराव ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. देऊळ लहान आहे, पण त्यांना वेळ लागला.

“वहिनी, त्यो आमचा नारळ.”

“तुमचाच हाय, भावजी,” सुंदरकाकू म्हणाल्या. “आदी माझा द्या.”

बबनरावांनी हातातल्या नारळाकडे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं. आणि पुढे वाकून त्यांनी तो दोन्ही हातांनी दिला, कारण मानाचा नारळ कुणी एका हातानं देत नाही.